मोठ्या बजेटचे आशियाई गुन्हेगारीपट: मारामारी भारी, मग गोष्ट ढिली का पडते?

अजिंक्यतारा_सातारा

साताऱ्यातल्या आमच्या चित्रपट मंडळात तीन रविवार फक्त आशियाई गुन्हेगारी-अ‍ॅक्शनपट दाखवायचं ठरतंय. हाँगकाँग, कोरिया, इंडोनेशिया, जमलं तर एखादा आपला. साठ-सत्तर माणसं येतील. निम्मी टीव्हीवर डब केलेला जॅकी चॅन बघत मोठी झालेली, उरलेली "नुसती मारामारी काय बघायची" म्हणणारी. नंतर अर्धा तास चर्चा असते. ती "लय भारी" आणि "काय पटलं नाही बुवा" एवढ्यावरच आटपू नये म्हणून इथल्या जाणकारांना विचारतोय.

या चित्रपटांतली मारामारी इतकी जड आणि खरी का वाटते? पडदा थांबवून लोकांना दाखवता येईल असं काही सांगा. पहिला तास अंगावर येतो आणि पुढे गोष्ट हातातून सुटते, हे इतक्यांदा का होतं? आणि तीनच निवडायचे तर कोणते?

शेवटचा प्रश्न हॉलचा. साधा प्रोजेक्टर आणि स्टँडवरचे दोन स्पीकर आहेत. गोळीबार कान फोडतो, संवाद मात्र शेवटच्या रांगेपर्यंत पोचत नाहीत. मराठी सबटायटल्स मंडळातलेच लोक करणार आहेत, त्याबद्दलही सांगा.

फाईटमास्तर_वाई

पैशापेक्षा हा प्रश्न अधिकाराचा आणि वेळाचा आहे. हाँगकाँगची जी पद्धत १९८० च्या दशकात पक्की झाली, तिच्यात मारामारीचा भाग पूर्ण अ‍ॅक्शन डायरेक्टरच्या ताब्यात असतो. कॅमेरा कुठे, भिंग कुठलं, कट कुठे, सगळं तोच ठरवतो. इतर ठिकाणी बऱ्याचदा मारामारी बसवून झाली की चार-पाच कॅमेरे लावून ती सगळीकडून टिपतात आणि काय ठेवायचं ते एडिटिंगला ठरतं. हाँगकाँगवाले चार-सहा हालचालींचा एकेक तुकडा एकाच कोनासाठी बसवतात. ठोसा आणि गाल यांच्यात वीतभर अंतर असतं. ते ज्या एका कोनातून दिसत नाही, तिथेच कॅमेरा असतो. पाच कॅमेऱ्यांपैकी तिघांना ते अंतर दिसतं, मग लपवायला कॅमेरा हलवा, पटापट कापा, हे ओघाने आलंच.

थांबवून दाखवायचं म्हणता, तर आघाताच्या आगेमागे बघा. चांगल्या मारामारीत शरीर आधी स्थिर असतं, मग झटका, मग पुन्हा क्षणभर स्थिर. त्या अर्ध्या सेकंदात डोळा मागची हालचाल पचवतो. दुसरं म्हणजे कट. पाय निघाला की कट होतो आणि पुढचा शॉट दोन-तीन फ्रेम मागून सुरू होतो, त्यामुळे आघात किंचित दोनदा दिसतो आणि दुप्पट लागतो. १९८५ च्या 'पोलीस स्टोरी'त जॅकी चॅन मॉलमधल्या दिव्यांच्या माळा लावलेल्या खांबावरून घसरतो, ती उडी तर लागोपाठ तीन कोनांतून तीनदा दाखवली आहे. दिव्यांनी त्याचे हात खरोखर भाजले होते. तिसऱ्यांदा बघताना त्या घसरण्याला टाळी पडते, कारण तोवर उंची कळलेली असते.

वेगाची लबाडीही दाखवा. सेकंदाला २२ फ्रेमने चित्रीकरण करून २४ ने दाखवलं की हालचाल ९ टक्के वेगवान होते, २१ ने केलं तर १४ टक्के. माणसाकडे बघून हे कळत नाही. मागे बघा: खाली येणारी धूळ, सांडणारं पाणी, सुटलेला शर्ट. गुरुत्वाकर्षण कुणाही मास्टरचं ऐकत नाही, त्यामुळे पाणी घाईत पडत असेल तर समजायचं.

शटरचा परिणाम त्याहून सूक्ष्म आहे. शटरचा कोन म्हणजे प्रत्येक फ्रेमला ते किती वेळ उघडं राहतं त्याचं माप. १८० अंशांवर एका फ्रेमला १/४८ सेकंद प्रकाश मिळतो, ९० अंशांवर १/९६, ४५ अंशांवर १/१९२. कोन कमी केला की हालचालीतला पुसटपणा जातो, काचेचा एकेक कण वेगळा दिसतो, चित्राला एक खरखरीत धार येते. ४५ अंशांना चौपट प्रकाश लागतो, म्हणून गरीब निर्मितीत रात्रीच्या मारामारीत हे जमत नाही. आणि पूर्ण चित्रपट असा केला तर पंधरा मिनिटांत डोळे शिणतात.

माणूस केबलने ओढलाय हे ओळखायची खूण सोपी आहे. खरी लाथ छातीत बसली तर छाती आणि डोकं आधी मागे जातं, पाय नंतर. पाठीच्या पट्ट्याला (हार्नेसला) रॅचेट, म्हणजे केबल झटक्यात खेचणारं यंत्र, लावून ओढलं की कंबर आधी मागे जाते आणि हात-पाय-डोकं पुढे लोंबतात, माणूस इंग्रजी 'सी'सारखा वाकतो. चांगला स्टंटमन ओढ बसायच्या क्षणभर आधी स्वतः मागे झेप घेतो आणि हा बाक लपवतो.

न कापलेल्या शॉटची उदाहरणं दोन पुरेत. १९९२ च्या 'हार्ड बॉइल्ड'मधला हॉस्पिटलचा तुकडा सुमारे पावणेतीन मिनिटांचा आहे. दोघे नायक मध्येच लिफ्टमध्ये शिरतात. दार बंद असतानाच्या वीसेक सेकंदांत बाहेरचा तोच मजला दुसरा मजला म्हणून सजवला गेला. २००३ च्या 'ओल्डबॉय'मधली हातोड्याची मारामारी अरुंद बोळात, कॅमेरा बाजूने सरकत, तीन दिवसांत १७ टेक घेऊन झाली. त्यात कौशल्य फारसं नाहीच, सगळे दमलेत, भिंतीला टेकतायत, पुन्हा उठतायत. तो दम खरा आहे, म्हणून मार खरा वाटतो.

आता 'मोठं बजेट' या शब्दावर थोडं अडतो. २०११ चा इंडोनेशियाचा 'द रेड' साधारण ११ लाख डॉलरमध्ये झाला. जकार्तामधली एक इमारत, पेंचाक सिलात या तिथल्या युद्धकलेचे खेळाडू आणि भरपूर तालीम. २०१४ च्या दुसऱ्या भागाला साधारण चौपट पैसे होते आणि ते कुठे गेले ते दिसतं: गाड्यांच्या पाठलागात कॅमेरा बाहेरून एका गाडीच्या आत येतो, आरपार जातो आणि पलीकडून निघतो. आत एक कॅमेरामन सीटच्या कव्हराचा वेष करून बसला होता, त्याने कॅमेरा झेलून पुढे दिला. पैसा अशा डोक्याला मिळाला तर सोनं होतं. नाहीतर संगणकावरची आग येते, जिचा उजेड शेजारच्या माणसाच्या तोंडावर पडत नाही.

विश्रामबाग_सांगली

फाईटमास्तरांचं तांत्रिक सगळं मान्य. पण गोष्ट ढिली पडायचं कारण त्याच कौतुकात दडलंय. मोठ्या चित्रपटात आधी दोन-तीन भव्य प्रसंग ठरतात, त्यांचे सेट आणि तारखा ठरतात, आणि पटकथा त्यांच्यामधली जागा भरत बसते.

२०१७ च्या 'शॉक वेव्ह'साठी हाँगकाँगच्या क्रॉस-हार्बर टनेलचा, आणि २०१९ च्या 'द व्हाइट स्टॉर्म २'साठी सेंट्रल मेट्रो स्टेशनचा पूर्ण आकाराचा सेट उभारला. दोन्हींचे दिग्दर्शक हर्मन याऊ, दोन्हींत अँडी लाऊ. कारण उघड आहे, खरा बोगदा कोण बंद करून देणार? पोवई नाक्याचा ग्रेड सेपरेटर चार दिवस शूटिंगला मागून बघा. वाई-मेणवलीला 'गंगाजल'पासून 'दबंग'पर्यंत बिहार-उत्तर प्रदेश उभा राहिला, कारण तिथे घाट, वाडे, बाजार आयते आहेत आणि गर्दी आवरता येते. हाँगकाँगच्या मध्यवस्तीत ती सोय नाही. मग सेट येतो, सेटवर पैसा लागला की शेवट तिथेच व्हावा लागतो, आणि सगळ्या पात्रांना काही ना काही कारण काढून तिथे हाकलावं लागतं. मेट्रो स्टेशनच्या जिन्यावरून गाड्या उतरताना मजा येते, पण ही माणसं गाडीने स्टेशनात का शिरली याला 'सेट तिथे होता' यापलीकडे पटेल असं उत्तर नसतं.

चर्चेत एक खेळ घ्या. पाठलाग संपल्यावर लोकांना कागदावर नकाशा काढायला सांगा: दार कुठे, जिना कुठे, कोण कुठून आलं. पोवई नाक्यावरून राजवाड्याकडे निघालेली गाडी पुढच्या शॉटला गोडोलीत दिसली तर सातारकर हसेल. तेच पडद्यावरच्या परक्या शहरात खपून जातं. ज्या चित्रपटाचा नकाशा निम्म्या लोकांना काढता येतो, तिथे दिग्दर्शकाने काम केलंय.

दुसरं कारण सेन्सॉर. पुढे शेवट फुटणार आहे, ज्यांना नको त्यांनी हा परिच्छेद सोडा. २००२ च्या 'इन्फर्नल अफेअर्स'मध्ये पोलिसांत घुसलेला गुंडांचा माणूस मूळ शेवटात सुटतो आणि स्वतःच्या अपराधासकट जगत राहतो. चीनच्या मुख्य भूमीसाठी वेगळा शेवट होता: लिफ्टमधून बाहेर येताच पुरावा सापडल्याचं सांगतात आणि तो अटक होतो. दोन मिनिटांचा फरक, पण अख्ख्या चित्रपटाचा अर्थ उलटतो. दोन्ही शेवट लागोपाठ दाखवा, चर्चेला दुसरं काही लागणार नाही. २००३ मध्ये हाँगकाँग आणि मुख्य भूमीत आर्थिक करार झाला, सहनिर्मितीला प्रचंड बाजारपेठ उघडली, आणि गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे हा नियम पटकथेच्या पहिल्या पानापासून डोक्यावर बसला. शेवट आधीच ठाऊक असेल तर मधला तास ताणून धरणं अवघड. दिग्दर्शक जॉनी टो यांनी २०१२ च्या 'ड्रग वॉर'मध्ये यातूनच वाट काढली: गुन्हेगाराला विषारी इंजेक्शनने मृत्युदंड होतो, नियम तंतोतंत पाळला जातो, आणि ते दृश्य इतकं थंड आहे की न्याय झाल्याचं समाधान कुणाला मिळत नाही.

कोरियाचं दुखणं निराळं आहे. अभिनेता मा दोंग-सोकच्या 'द राउंडअप' मालिकेतल्या २०२२, २०२३ आणि २०२४ च्या तिन्ही चित्रपटांची प्रत्येकी एक कोटीहून जास्त तिकिटं खपली, पाच कोटींच्या देशात. त्याचा ठोसा बघायला लोक जातात आणि ठोसा आहेच तसा, आवाजासकट. पण हा गडी हरणारच नाही हे ठरलेलं. खलनायक दरवेळी नवा आणि दरवेळी आधीच्याहून क्रूर, कारण भीती निर्माण करायची दुसरी जागाच उरली नाही. तिसऱ्या भागापर्यंत ती क्रूरता यांत्रिक वाटते.

बायकांची पात्रं हा तर सगळ्यांचा सामाईक खड्डा. 'द रेड २'मधली आगगाडीच्या डब्यात दोन हातोड्यांनी माणसं लोळवणारी मुलगी पोस्टरपुरती अजरामर आहे, पण तिला स्वतःची गोष्ट म्हणून काही नाही.

आणि २०२४ चा 'ट्वायलाइट ऑफ द वॉरियर्स: वॉल्ड इन'. कुणीतरी सुचवणारच, म्हणून आधीच बोलतो. १९९० च्या दशकात पाडलेली काउलूनची तटबंदीतली वस्ती, जेमतेम २.६ हेक्टरमध्ये हजारो माणसं, ती त्यांनी अशी उभी केली आहे की वायरींच्या जाळ्यातून गळणारं पाणीसुद्धा पात्र वाटतं. चित्रपटाचा पहिला दोन-तृतीयांश भाग अप्रतिम. मग शेवटी खलनायकाच्या अंगावर शस्त्र चालेनासं होतं, कसल्याशा आंतरिक शक्तीने. तोवर जखमा खऱ्या होत्या, प्रत्येक पडण्याची किंमत होती. अचानक नियम बदलला की मागच्या दीड तासाची कमाई जाते.

फाईटमास्तर_वाई

विश्रामबागकर, 'वॉल्ड इन'बद्दल सहमत नाही. हाँगकाँगच्या जुन्या मार्शल आर्ट चित्रपटांत अभेद्य शरीर हा नेहमीचा प्रकार आहे, तिथल्या प्रेक्षकाला तो नियमभंग वाटत नाही. अ‍ॅक्शन डायरेक्टर केंजी तानिगाकी यांनी त्या शेवटात चार जणांची एकावरची मारामारी बसवली आहे आणि चौघांपैकी कोण कधी कुठे आहे हे सतत कळतं. ते एकास एकपेक्षा कितीतरी अवघड. तुमचाच नकाशाचा खेळ तिथे लावून बघा.

विश्रामबाग_सांगली

नकाशा निघतो, कबूल. धाकधूक मात्र निघून जाते.

पडदा_आणि_भोंगा

हॉलचं सांगतो, कारण आवाज बिघडला तर वरचं सगळं वाया.

फाईलचा आवाज ५.१, म्हणजे सहा चॅनेलचा, असेल तर संवाद जवळजवळ सगळे मधल्या चॅनेलवर असतात. लॅपटॉपचं आउटपुट ५.१ वर राहिलं आणि मिक्सरला फक्त डावा-उजवा गेला, तर मधला चॅनेल हरवतो. तुमची तक्रार तीच दिसते. आधी लॅपटॉपचं साउंड आउटपुट स्टीरिओ करा. मग व्हीएलसी या प्लेअरच्या इफेक्ट्समध्ये कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबून लहान-मोठ्यातलं अंतर कमी करणारा) चालू करा: रेशो ३ ते ४, थ्रेशोल्ड उणे २० डेसिबलच्या आसपास, अटॅक २० मिलिसेकंद, रिलीज २०० मिलिसेकंद, मेकअप गेन ६ पासून सुरू करून कानाने ठरवा. रेशो ८-१० केला तर गोळीनंतर मागचा आवाज पंपासारखा वरखाली होतो. मिक्सरवर १०० हर्ट्झच्या खालचं थोडं उतरवा, २ ते ३ किलोहर्ट्झला २-३ डेसिबल चढवा, शब्द स्पष्ट होतात.

पातळी ठरवायची ती गोळीबारावर नाही, सगळ्यात हळू संवादावर. शेवटच्या रांगेत माणूस उभा करा, त्याला कुजबुज कळली की मिक्सरचा मुख्य आवाज तिथे सोडा. मग सगळ्यात मोठा स्फोट लावून बघा. रिकाम्या हॉलमध्ये आवाज घुमतो, माणसं भरली की शोषला जातो, त्यामुळे सुरू झाल्यावर किंचित वाढवावं लागेल.

प्रोजेक्टरच्या मेनूत फ्रेम इंटरपोलेशन किंवा मोशन स्मूदनिंग असं काही असेल तर बंद करा. ते मधल्या खोट्या फ्रेम घालतं, आणि फाईटमास्तरांनी सांगितलेला झटका-थांबा आणि शटरची धार दोन्ही गुळगुळीत होऊन मालिकेसारखं दिसतं. हे चित्रपट गडद असतात. साधारण १२ फुटी पडद्याला ३५०० ल्युमेनच्या खालचा प्रोजेक्टर नको, आणि इको मोड काढा.

सबटायटल्सची फाईल यूटीएफ-८ मध्येच जतन करा, नाहीतर देवनागरीच्या जागी चौकोन येतात. ओळी दोनच, ओळीत ३५-४० अक्षरं, आणि एक शब्द असला तरी किमान सव्वा सेकंद पडद्यावर. कट ओलांडून सबटायटल ठेवू नका, डोळा तेच वाक्य पुन्हा वाचायला लागतो. मजकूर शेवटपर्यंत सारख्याच अंतराने मागेपुढे असेल तर व्हीएलसीत जी आणि एच या कळांनी सरकवा, एका दाबाला ५० मिलिसेकंद. पण सुरुवातीला बरोबर आणि पुढे वाढत जाणारा फरक असेल तर तो फ्रेम रेटचा घोळ आहे: २५ ची फाईल २३.९७६ च्या चित्रपटाला लावली की दोन तासांत जवळजवळ पाच मिनिटांचा फरक पडतो. तिथे कळा दाबून उपयोग नाही, 'सबटायटल एडिट' या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेम रेट बदलून घ्या.

ओटीटीच्या वर्गणीत सार्वजनिक खेळाची परवानगी येत नाही, हे मंडळाच्या लक्षात असू द्या. वितरकाकडून लेखी घ्या किंवा फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीजकडे चौकशी करा. आणि यातले बरेचसे प्रौढांसाठीचे आहेत. कॉलेजची पोरं येणार असतील तर दारावर वय बघावं लागेल.

अजिंक्यतारा_सातारा

लय उपयोगी पडलं, सगळ्यांचे आभार. साउंड आउटपुट बघितलं, ५.१ वरच होतं! मग 'इन्फर्नल अफेअर्स', 'द रेड २' आणि आपला हिंदी 'किल' असा क्रम लावू का? खेळ सहाला सुरू होतो, साडेनऊला हॉल रिकामा करावा लागतो.

विश्रामबाग_सांगली

पहिला बरोबर, १०१ मिनिटं, दोन्ही शेवट दाखवूनही वेळ उरेल. 'रेड २' अडीच तासांचा, साडेआठला संपणार, चहा आणि चर्चा धरून तुमची घाई होईल. शिवाय लागोपाठ इतकं रक्त बघून "नुसती मारामारी" म्हणणारे तिसऱ्या रविवारी यायचे नाहीत. मध्ये जॉनी टो यांचा २००५ चा 'इलेक्शन' घाला. गुंडांच्या टोळीची निवडणूक, आणि अख्ख्या चित्रपटात एकही गोळी सुटत नाही. हाणामारी लाठ्या-काठ्यांची, सुऱ्यांची. टोळीचा अध्यक्ष निवडायचं राजकारण आपल्याकडच्या सोसायटी-कारखान्याच्या निवडणुका बघितलेल्या माणसाला चटकन कळेल.

फाईटमास्तर_वाई

'इलेक्शन' चालेल, पण 'रेड २'मधला गाडीचा पाठलाग दहा मिनिटं काढून वेगळा दाखवा. 'किल' शेवटीच ठेवा. १०५ मिनिटं, जवळजवळ सगळं आगगाडीच्या डब्यात, आणि शीर्षक येतं साधारण पाऊण तासाने. त्याच्याआधीची आणि नंतरची मारामारी वेगळी आहे. आधी नायक माणसं बाजूला सारतो, नंतर मारतो. अ‍ॅक्शन कोरियाचे ओ से-योंग आणि आपले परवेझ शेख या दोघांची. डबा अरुंद असल्यामुळे हात पूर्ण फिरवता येत नाही, म्हणून सगळे वार कोपराचे, गुडघ्याचे, भोसकण्याचे आहेत. थांबवायला तिथे जागा भरपूर सापडतील. वेळ आधीच लिहून ठेवा, चालू चर्चेत पुढे-मागे करत बसलात तर अर्धा तास त्यातच जातो.